मुखरूमामांनी बिघडवलेला नियंत्रित गट

तीर्थस्वरूप मुखरूमामांच्या पायाशी रंजीताचा नमस्कार पोचावा.

तुमचा गुडघा वाकतो का आणि ठमामामीचा बीपी गोळ्यांना दाद देतो का, ते कळवावे. (तुमचा फोन तलावात पडला म्हणे, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हाती.) इकडे कुरखेड्यात सर्व खुशाल आहे असे लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. खरे म्हणजे पंधरा दिवस मला जेवण जात नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात.

सहा वर्षांपासून मी पीएच.डी. करते आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे (मामी अजून समजते की मी दवाखान्याची डॉक्टर होणार आणि तुमच्या गुडघ्याला फुकटात सुई टोचणार). विषय साधा आहे. वस्तू का तरंगते, का बुडते, हे सातवीच्या मुलांना प्रयोगातून जास्त कळतं की नुसत्या पुस्तकातून? माझ्या शाळेतली पोरं प्रयोगाची. त्यांच्यासाठी टब, लिंबं, अंडी, मीठ, सगळं मी पदरचं आणलं (अंडी दुसऱ्याच दिवशी गायब झाली, त्याला मी प्रबंधात 'विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग' म्हटलंय). नुसत्या पुस्तकाची पोरं, म्हणजे नियंत्रित गट, म्हणून तुमचं गाव निवडलं, कारण तिथे कधी काही घडत नाही अशी माझी खात्री होती.

दीड महिन्यानं चाचणी घेतली, तर तुमची पोरं पुढे! मी पेपर तीनदा तपासले, मग डोळे तपासून आले. मामा, एकतीस तारखेला माझी शेवटची मुदत संपते. प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. म्हणून धावत तुमच्या गावी आले, तर तुम्ही बाजाराला गेलेले. तुमच्या सातवीतल्या डिंपलला धरलं. ती म्हणाली, "म्याडम, गुरुजी मतदार यादीच्या कामाले गेले होते. आमी तलावावरच राहो. जाळ्याले वर भोपळे अन् खाली शिसं काऊन लावते, मुखरूआजानं सारं दाखवलं."

चाचणीतल्या फक्त आठव्या प्रश्नानं माझी थोडी लाज राखली. मेलेला मासा तरंगतो की बुडतो? उत्तर, तरंगतो. तुमच्या झाडून सगळ्या पोरांनी बाजूला लिहिलं, "पयले बुडते, मंग फुगून वर येते." मी सगळ्यांना शून्य दिलं.

मार्गदर्शक सर म्हणतात, फेरचाचणी घ्या, पण तोवर त्या पोरांना कोणी काही शिकवू नये. पुढच्या सोमवारी येते.

आपली भाची (अजून तरी),
रंजीता

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की सोमवारपर्यंत पोरांशी बोलू नका. कोणी काही विचारलंच तर तोंडात तंबाखूचा खर्रा आहे असं दाखवा.

ता. क. दुसरा. पत्र दोन दिवस पर्समध्येच राहिलं. तेवढ्यात प्रयोगासाठी बाजारातून जिवंत मासे आणून टबात सोडले होते, ते मेले. मेले आणि तळाशी गेले. आज सकाळी फुगून वर आलेत. मी तुमच्या सगळ्या पोरांना आठव्या प्रश्नाचे गुण दिले, आणि ती आणखी पुढे गेली. सरांना खरं ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "विषयच बदला मॅडम. मुदतवाढीचं मी पाह्यतो, पन भेटनच असं नाई." फार भीती वाटते मामा. रडूनही झालं.

तेव्हा वरची विनंती रद्द, खर्रा थुंका. सोमवारी मी तिकडे येत नाही, तुम्हीच जाळं घेऊन इकडे या. माझ्या पोरांना दाखवा, मी शेवटच्या बाकावर बसेन. नव्या विषयासाठी (पुस्तकाबाहेर पोरं कशी शिकतात) शिकवणाऱ्याची माहिती भरायची आहे. नाव लिहिलं, गाव लिहिलं. 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात काय लिहू, ते येताना सांगा.