सात गुरुवारांच्या सह्या

प्रिय खारूताई,

मावशीकडे गेल्यापासून तू फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे बोलत नाहीस, आणि तू समोर असलीस की माझीच जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून हे पत्र.

काल, गुरुवारी, खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे गेले होते. त्यांचं टपाल आपल्याकडे आलं होतं. खिडकीशी तुझी खुर्ची, शेजारी झाकलेला पाण्याचा पेला आणि ते बोटीवरच्या स्वयंपाक्याचं पुस्तक, आत खूण म्हणून तुझी केसांची पिन. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस, आता डोळ्यांपुढे नुसतं धुकं. मी वाचू का, विचारलं तर त्यांनी पुस्तक जवळ ओढून घेतलं. म्हणाले, ते तिचं आहे, ती आली की पुढे.

दहा गुरुवार कुणाच्या तरी उपयोगी पडा, दर वेळी त्यांची सही आणा, मग प्रमाणपत्र, असं शाळेने सांगितलं, तेव्हा तू नाक मुरडलंस आणि त्यांना वाचून दाखवायला मी तुला ढकलतच त्यांच्या दारापर्यंत नेलं. तिसऱ्या गुरुवारी मात्र तू दोन-दोन पायऱ्या चढत वर आलीस आणि तो स्वयंपाकी बोटीतून कसा पळणार, याचे तर्क करताना तुझं ताट गार झालं. त्याच आठवड्यात तुझे गणिताचे गुण आले. मग आजोबांचा निरोप आला, आता येऊ नकोस. तू एवढंच विचारलंस, ‘आई, मी फार अडखळते का गं?’ मी ओटा पुसत राहिले. मावशीकडे जायच्या आदल्या दिवशी शाळेत बाईंनी लहान मुलांना शिकवायला कोण येईल विचारलं, तेव्हा तुझा हात वर गेला नाही. आपण जायचं आणि लोकांनी नको म्हणायचं, म्हणालीस.

तो निरोप त्यांचा नव्हता, बाळा. माझा होता. गणितासाठी तुझे गुरुवार हवे होते आणि प्रमाणपत्रही सोडवत नव्हतं. उरलेल्या सात सह्या आत्ताच करून ठेवा, नंतर घाई होते, असं त्यांना सांगितलं. मी त्यांचं बोट चौकटींवर टेकवत गेले, ते सही करत गेले. त्यांना वाटलं, तू येणारच आहेस. म्हणून सातही गुरुवार त्यांनी पेला भरून ठेवला. काल त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, छापखान्यातून चूक कधी बाहेर जाऊ दिली नाही, ही तेवढी खोडून आणा. आज बाईंसमोर सातही सह्या खोडल्या, प्रमाणपत्र परत दिलं. तू रागावशील, रागाव. या वेळी तुला ढकलणार नाही. जायचं की नाही ते तू ठरव. पण खोट्या निरोपामुळे घरी बसू नकोस. तू अडखळत नाहीस, ते म्हणतात, पूर्णविरामालाही थांबत नाहीस, एवढीच तक्रार. पिन अजून त्याच पानात आहे.

तुझीच,
ओटा पुसत न राहणारी
आई