बाकी सोडण्याचा नियम

८ ऑक्टो., बुध. अर्जुनी मोरगाव
ठरलं एकदाचं. आमच्या नव्या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच. बाकी उरली तर सोडून द्यायची. वेगासाठी. वर्षभर भांडून मीच मान्य करून घेतलं. परवा भाषेतले संख्यांचे नियम कायमचे गोठणार, मग कुणाच्या बापाला बदलता येणार नाही.

९ ऑक्टो.
माझ्याच बापाने घोळ घातला. बाबा तलावाचं पाणी वाटतात. धानाला शेवटचं पाणी, दहा तास, तीन शेतं. मी हौसेने त्यांना आमच्याच भाषेत पाण्याच्या पाळीचा तक्ता करून दिला.
"काऊन वो, तिघाले तीन-तीन तास देल्ले. मंग एक तास कोठी गेला?"
म्हटलं, बाकी सोडली.
"धान उभा हाय अन् तासभराचा पानी सोडून राहिली? कोनाले इचारून?"
कागदही न घेता म्हणाले, तीन तास वीस मिनिटं. मी मनात म्हटलं, दशांशात लिहिलं तर ३.३३, म्हणजे तिथेही थोडं सांडतंच. प्रोग्रामने साधी सूचनाही दिली नाही! आणि गोठणार उद्याच.

१० ऑक्टो., शुक्र.
सकाळीच सुलभाताईंना फोन. आमच्या संख्या-गटाच्या प्रमुख, नागपूरच्या. "ताई, माझा नियम चुकला. भागाकाराने नेमका अपूर्णांक द्यावा, एक-तृतीयांश तर एक-तृतीयांशच. बाकी टाकायचीय त्याने वेगळं चिन्ह वापरावं."
ताई हसल्याच. "वर्षभर आमचं डोकं खाल्लंस नि आज सांगतेस?"
आठ दिवस मुदत दिली, त्याआत गटाचं मतदान. हुश्श! फोन ठेवून थोडी रडले. मग दोन प्लेट तर्री-पोहे.

१३ ऑक्टो.
दिवसभर चाचण्या. नवा भागाकार हळू चालतो, पण बाबांचा तक्ता बरोबर. बाबा: "आता झाला ना!" एवढंच. किती बरं वाटलं.

१६ ऑक्टो., गुरु.
गटात सात मतं. तीन माझ्या बदलाच्या बाजूने, तीन विरुद्ध. उरले केरळचे थॉमससर. ते आधी अपूर्णांकाच्याच बाजूचे. गेल्या वर्षी मीच त्यांना फिरवलं. आज त्यांनी माझंच तेव्हाचं टिपण पाठवलंय, खाली एक ओळ: याला तुझं उत्तर काय?
वाचलं. फार पटेल असं लिहिलंय मी मेलीनं!
हरेन कदाचित. तरी मन हलकं आहे. उत्तर लिहायला बसलेय. "सर, हे मी लिहिलं होतं आणि ते चुकलं." इथवर आलंय.