व्होल्व्हो कोणाला, साब कोणाला

मी, देवानंद तुकाराम मेश्राम, वय एकाहत्तर, मूळ नागपूरचा, हल्ली मुक्काम पिस्कॅटवे, न्यू जर्सी, निवृत्त इंजिनिअर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, परंतु बऱ्याच वैतागात हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीची तीन रद्द समजावीत. गाड्यांपायीच ती तिन्ही बदलली होती.

१. घर आणि बचत पत्नी शैलजा हिची. तिच्यानंतर आमची मुले नेत्रा व शंतनू यांना सारखी. अंत्यविधीला त्रिसरण-पंचशील पुरे, भाषणे नकोत.

२. हत्यारे शेजारी प्रताप वासनिक यांना. मोठा पाना त्यांनी २००९ सालीच नेला आहे, तो वेगळा देण्याची गरज नाही.

३. आता गॅरेज. १९६६ची व्होल्व्हो पी-अठराशे मी भंगारातून आणली आणि चार हिवाळे खपून उभी केली. लांब नाक, देखणी पाठ. बघत राहावे अशी. दुसरी १९८९ची साब नऊशे टर्बो. हिची किल्ली दोन सीटांच्या मध्ये लागते आणि रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय बाहेर निघत नाही. व्होल्व्होपुढे साब म्हणजे काहीच नाही, हे मी तीस वर्षे जेवताना सिद्ध करत आलो. शैलजा ऐकून घ्यायची आणि सकाळी साब घेऊन कामाला जायची.

४. व्होल्व्हो शंतनूला द्यायची होती. तो नोकरीच्या गावाहून, अल्फारेटाहून आला आणि म्हणाला, "बाबा, इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर टाकू ना. कन्व्हर्ट केली की कोणीही ड्राइव्ह करेल." माझ्या हाताने बसवलेले इंजिन! संताप गिळून त्याला क्लच शिकवायला नेले, तर एकाच सिग्नलला गाडी चारदा बंद पाडली. पुढे साबची किल्ली निघेना म्हणून पकडीने ओढून तोडली. नेत्रा म्हणाली, "जस्ट सेल देम, बाबा. नोबडी ड्राइव्ह्ज स्टिक." म्हणून मागच्या मसुद्यात मी लिहिले की माझ्यानंतर या घरात गिअरची गाडी चालवणारे कोणी नाही, सबब दोन्ही गाड्या संग्रहालयाला द्याव्यात.

५. तो मसुदा शैलजाने वाचला. चष्मा काढून म्हणाली, "कोणी नाही? मग मी इतकी वर्षं काय चालवते आहे हो?"

गेल्या जानेवारीत माझ्या छातीत कळ आली, तेव्हा व्होल्व्होच्या बॅटरीला चार्जर लावायचे मीच विसरलो होतो, म्हणून ती बंद पडून होती. बर्फातून शैलजाने मला साबमधून हॉस्पिटलात नेले. वाटेतही मी तिला "क्लच हळू सोड" म्हणत होतो. ती म्हणाली, "गप्प बसा." मी जगलो, आणि घरी आल्यावर पुन्हा व्होल्व्होचेच गुण गायलो. याची मला लाज वाटते.

व्होल्व्होची किल्ली मी तिच्या हातात आजवर एकदाही दिली नव्हती.

६. सबब संग्रहालयाचे कलम रद्द. दोन्ही गाड्या शैलजाच्या. व्होल्व्होसाठी माझ्या मरणाची वाट पाहायला लावणे बरे दिसत नाही, म्हणून तिची किल्ली आज, सहीआधीच दिली आहे. ती घेऊन शैलजा बाहेर गेली आहे. मी आणि साक्षीदार खिडकीशी उभे आहोत. गाडी कोपऱ्यावर वळली, एकदाही बंद न पडता. तिने मागे वळून पाहिले नाही.

सही: देवानंद तु. मेश्राम
साक्षीदार: उपासना गजभिये, राकेश ढोके
पिस्कॅटवे, १२ ऑक्टोबर २०२५