नागोठण्याची चारची गाडी

मुलुंड (पूर्व),
रविवार, दुपारचे अडीच

सौ. रेवती वन्संना वसुधाचा नमस्कार.

(होय, वन्सं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणतेय. कॉलेजात एका बाकावर बसून एकाच डब्यात जेवलेल्या बाईला 'अहो' करताना कसं वाटतं ते बघू म्हटलं. फोन केला की तुम्ही मीटिंगमध्ये असता आणि मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटवून गप्प बसता. तेव्हा आता रीतसर पत्रच बरं.)

बोरिवलीला सगळे बरे असतील. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही ठीक. ठीक म्हणजे, ह्यांचं बीपी गोळीच्या ताब्यात आहे, माझी मान सकाळी डावीकडे वळत नाही आणि दुपारी वळते, आणि आई जेवतात, झोपतात, चार वाजता नागोठण्याला जातात. आमचा मिहिर बंगळुरूला नोकरीत आहे आणि रविवारी व्हिडिओ कॉल करून मला ब्रेक उशिरा दाबतेस म्हणून बोलतो (कसला ब्रेक, तेही पुढे). मध्यंतरी घरात एकच नवीन त्रास होता, फ्रिजमधलं रोज एक लिंबू नाहीसं व्हायचं. त्याचं पुढे लिहिते.

पत्रास कारण की, भाऊबीजेला तुमचा चिवड्याचा स्टीलचा डबा आमच्याकडे राहिलाय. (चिवडा संपला. चांगला होता, मीठ कमी होतं.) आणि डब्याचा विषय निघालाच आहे तर त्या दिवसाचंही एकदा सांगून टाकते. तुम्ही चारच्या सुमारास आलात, दार उघडंच होतं, आणि तुम्हाला दिसलं ते असं : तुमची आई नलिनीबाई, वय वर्षं एक्याऐंशी, इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर पर्स धरून, टीव्हीसमोर खुर्चीत बसलेली, आणि शेजारच्या खुर्चीत तिची सून, वय वर्षं सत्तावन्न, दोन्ही हातांत मिहिरचा रिमोट घट्ट धरून व्हिडिओ गेम खेळतेय. माझ्या आईला टीव्हीसमोर बसवून तू खेळ खेळत बसतेस, असं तुम्ही म्हणालात. पुढेही बरंच म्हणालात. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं, हे वाटीतल्या अक्षतांकडे बघत बसले, आणि त्यानंतर आज सहा महिने तुमचं पाऊल या घरात नाही. तर वन्सं, तुम्ही बोललात त्यात खोटं काही नव्हतं. मी खेळतच होते.

याची सुरुवात चांगल्या हेतूने झाली असं मी सांगणार नाही. मिहिर गेला तेव्हा त्याचं ते यंत्र टीव्हीखाली राहिलं. त्यावरची धूळ पुसताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि समोर बस उभी राहिली. मोठी, लांबलचक, परदेशातली. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत आईंनी मला किती वाजले हे चाळीस वेळा विचारलं होतं, आणि आईंना गोळी दिलीस का हे ह्यांनी साधारण तितक्याच वेळा. (तुमचा भाऊ बँकेतून रिटायर झाला, पण काउंटरवरून उठलेला नाही. आईंच्या आजाराची फाइल तो रोज मोठ्याने वाचून दाखवतो. ऐकणारी मी एकटी.) मी खुर्ची ओढली आणि बस सुरू केली. चाळीस उतारू चढले आणि त्यांतल्या एकालाही माझ्याकडून काही नको होतं. चहा नको, गोळी नको, चष्मा शोधून नको. गुपचूप बसले होते बिचारे. पहिल्याच वळणावर मी त्यांना शेतात घातलं, तरी कोणी माझ्या माहेराचा उद्धार केला नाही. एकतीस वर्षांपूर्वी मिठागर रोडवर ह्यांनी मला आयुष्यात एकदाच गाडी शिकवली होती, तेव्हा एका उभ्या हातगाडीला नुसता धक्का लागला तर तो विषय अजून निघतो. असो. तेव्हापासून आई झोपल्या की दुपारी दोन ते साडेतीन मी बस चालवायची. त्या दीड तासावर मी उरलेले साडेबावीस काढायची. याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आताही वाटत नाही.

आता चारचं सांगते, कारण त्या दिवसाआधी तुम्ही कधी चारला इथे नव्हतात. तुम्ही यायच्यात त्या रविवारी सकाळी, जेव्हा त्या शहाण्यासारख्या बसून शिरा खातात. चार वाजले की तुमच्या आईला घरी जायचं असतं. पर्स घेऊन त्या दाराशी जायच्या आणि कडी ओढायच्या. मला घरी सोडा, माझी माणसं वाट बघतायत. हेच तुमचं घर, असं मी शंभरदा सांगितलं. ह्यांनी तर पुढे जाऊन सासऱ्यांच्या नावाची घरपट्टीची पावती दाखवली. (घरपट्टीची पावती बघून कोणाचं मन शांत झालंय?) त्यांनी ती वाचली, छान घडी करून परत दिली आणि पुन्हा कडी ओढली. एकदा त्या जिना उतरून गेटपर्यंत पोचल्या होत्या, पायात एकच चप्पल. मी मागून धावत गेले तर मला म्हणाल्या, बाई, तुम्ही कोण? हे तुम्हाला कळवलं नव्हतं. कळवून काय करणार होतात?

मग एकदा त्या लवकर उठल्या. मी बोगद्यातून बाहेर पडत होते आणि त्या मागे येऊन उभ्या. पडद्यावर रस्ता पळत होता. ही नागोठण्याला जाते का, असं त्यांनी विचारलं. नागोठणं म्हणजे त्यांचं माहेर, पण तिथे आता कोणी नाही, घर विकून वीस वर्षं झाली, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण नाही नाही म्हणून माझा घसा सुकला होता, रेवती. मी म्हटलं, जाते. त्या बसल्या. पर्स उघडली, आधार कार्ड काढलं आणि टीव्हीसमोर धरलं.

आधी मला कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला : एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट प्रवास आणि कार्ड दाखवावं लागतं. स्वतःच्या मुलाचं नाव कधी आठवतं कधी नाही, पण हे पक्कं. मला गाडी थांबवून कंडक्टर व्हावं लागलं. मिहिरच्या जुन्या वहीचा कागद फाडून मी त्यावर 'मुलुंड ते नागोठणे, शून्य रुपये' असं लिहून दिलं. तेव्हापासून रोज एक तिकीट. मधे एकदा कार्ड हरवलं, तर कार्डाशिवाय त्या गाडीत चढेनात. ह्यांनी धावपळ करून झेरॉक्स आणली. ती त्यांनी उलटसुलट बघितली आणि झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल दाखवा, असं स्वतःच्याच मुलाला सुनावलं. गाडी पाऊण तास लेट. ओरिजिनल शेवटी फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात सापडलं. (मी अजून म्हणते, फुकट मिळतंय म्हणून लबाडी करणारी बाई नाही ती. तुम्ही दोघं भावंडं कोणावर गेलात देव जाणे.)

त्या गेममध्ये बहुतेक बर्फ असतो. दोन्ही बाजूंना पांढरं. आई बघतात आणि पेणची मिठागरं किती वाढलीत म्हणतात. मी हो म्हणते. बोगदा आला की कर्नाळा, पूल आला की पाताळगंगा. ह्यांनी सुरुवातीला कडक विरोध केला. आजारी माणसाशी खोटं बोलायचं नाही, असं फाइलमध्ये कुठेतरी आहे म्हणे. एक आठवडा ते स्वयंपाकघरात तोंड फिरवून बसले. मग एके दिवशी पेपर घेऊन मागच्या सोफ्यावर येऊन बसले आणि आईंनी त्यांना पुढे सरका, दरवाजात उभे राहू नका म्हणून दम भरला. ते सरकले. सोसायटीचे चंद्रप्रकाश बाथरूमची गळती बघायला आले होते, त्यांनाही तिकीट घ्यावं लागलं. वडखळपर्यंत बसले आणि चहा पिऊन उतरले. गळती अजून तशीच आहे.

खरं सांगू? मला पहिले काही दिवस भयंकर राग आला. माझी बस होती ती. घरात एवढी एकच जागा होती जिथे मला कोणी हाक मारत नव्हतं, आणि तिथेही सासू येऊन बसली. त्यात हळू चालव, हॉर्न दे, पुढे म्हैस आहे. (म्हैस नसते.) पण पाच वाजता मी गाडी लावते, त्या उठतात, पोचले बाई म्हणतात, आपल्या खोलीत जातात, पलंगावर पडतात आणि शांत झोपतात. आपल्या आईच्या घरी. सात महिने त्यांनी कडीला हात लावलेला नाही. तुम्ही भाऊबीजेला बघितलात तो हा खेळ.

आणि तुम्ही रागावलात ते माझ्या खेळण्यावर नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. बोलले नाही, कारण मीही माणूस आहे, मलाही लागलं होतं. तुम्ही खिडकीपाशीच्या खुर्चीत बसायला गेलात आणि आईंनी हात आडवा घातला. बाई, ही जागा धरलेली आहे, माझी मुलगी पुढच्या थांब्यावर चढायचीय. तुमचा चेहरा मी बघितला. आईने ओळखलं नाही, याचा राग आईवर काढता येत नाही, म्हणून तो माझ्यावर निघाला. निघू दे. पण पुढचं तुम्ही ऐकायला थांबला नाहीत. त्या म्हणाल्या, रेवतीला गाडी लागते, तिला खिडकी लागते. ती खिडकीची खुर्ची रोज रिकामी असते. ह्यांनाही तिथे बसू देत नाहीत. आणि लिंबाचा छडा दिवाळीनंतर मी पर्स आवरायला घेतली तेव्हा लागला. आत साठेक तिकिटं होती, आधार कार्ड होतं आणि रुमालात बांधलेलं एक लिंबू. रेवतीला ओकारी आली तर हुंगायला. रोज ताजं.

तर असं आहे. तुम्ही त्या दिवशी तुमच्यासाठीच धरलेली जागा सोडून गेलात, एवढंच मला सांगायचं होतं. मोठ्यांना नमस्कार सांगावा तर तुमच्याकडे आता मोठं कोणी उरलं नाही, तो तुम्हीच ठेवून घ्या.

आपली,
वसुधा

ता. क. डब्याचं झाकण सापडत नाहीये. आईंनी कुठेतरी ठेवलंय. सापडलं की डबा कुरिअर करते. तुम्ही यावं म्हणून हे पत्र नाही, असा गैरसमज नको. बसला एक ड्रायव्हर पुरतो आणि माझं काही अडलेलं नाही.

ता. क. २. वरचं खोटं आहे. रेवती, गुरुवारी पर्समध्ये लिंबू नव्हतं. मला वाटलं विसरल्या असतील. शुक्रवारीही नव्हतं. आई बसल्या, तिकीट घेतलं आणि पर्स खिडकीच्या खुर्चीवर ठेवून दिली. मी मुद्दाम विचारलं, ही जागा कोणाची? त्यांनी पर्सचा बंद सरळ केला. मग म्हणाल्या, कोणीतरी चढायचं होतं. नाव काही आलं नाही. काल तर एवढंही म्हणाल्या नाहीत. फ्रिजमध्ये अकरा लिंबं आहेत, मी रोज सकाळी मोजते, अकराच असतात. माझं नाव त्या वर्षापूर्वी विसरल्या, ह्यांचं तर महिनोन्‌महिने नसतं. ते आम्हाला सोसलं. हे मला सोसत नाही. मला या घरात आणलीस तू, आणि आता ही एक गोष्ट मला एकटीने बघायला लावू नकोस. ये गं. उद्या नाही तर परवा ये, पण ये. मुलगी आहे म्हणून सांगत बसू नकोस, त्या म्हणतील माझी मुलगी एवढीशी आहे. चपला काढ आणि आत्ताच चढल्यासारखी खिडकीशी बस. मी कोणालाही उठवू देणार नाही.

ता. क. ३. तुला पंचाहत्तर व्हायला अवकाश आहे, तेव्हा बायकांचं अर्धं तिकीट पडेल. ते मी फाडून ठेवते. गाडी चारला सुटते. बसलीस की वडखळच्या आसपास गाडी लागल्यासारखं कर आणि आईकडे लिंबू माग. मी पर्समध्ये ठेवलेलं असेल.