खडकावरची हाक

मंगळवार, १२ ऑगस्ट. सेंट पॉल बेट, अलास्का.

आठवडाभर समुद्रात गेलेली फर सील मादी आज परतली. खडकावर चढून तिने हाक दिली आणि शेकडो पिल्लांच्या गोंगाटातून तिचं पिल्लू ओरडत आलं. दुसरी दोन भुकेली पिल्लं लुचायला आली, त्यांना तिने दातांत धरून बाजूला फेकलं. मला तिचा हेवा वाटला. प्राण्याचा हेवा. कुणाला सांगणार?

सील बुजतात म्हणून निरीक्षणाच्या खोपटात मोठ्याने बोलायचं नाही, आणि फोनला रेंज फक्त तिथेच. म्हणून जूनपासून मी इराशी कुजबुजतेच आहे. अडीच वर्षांची पोर. पिस्कॅटवेला जाऊबाईंकडे ठेवलीय. आज त्यांनी तिच्या कानाला फोन लावला.

"इरू, आई बोलतेय."

"हू इज दॅट, काकू?"

"आई आहे गं तुझी," जाऊबाई म्हणाल्या. मग मला, "जरा मोठ्याने बोल ना. भुतासारखी काय कुजबुजतेस?"

मागून इरा, "काकू, अप!" आणि त्यांनी तिला उचलल्याचा आवाज.

जाऊबाई कुणाचंही लेकरू कडेवर घेतात. म्हणून तर तिथे ठेवलं. तरी वाटलं, त्या सीलसारखं त्यांनीही माझ्या पोरीला जरा दूर लोटावं. असं कसं वाटलं मला?

संध्याकाळी टेकडीपलीकडे गेले. तिथे सील नाहीत, बोलायला बंदी नाही. इराला हाक मारून पाहिली.

कुजबुजच निघाली.