पिकलेलं पाणी

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही जात नाही. आठवीत तिसऱ्या बाकावर बसणारी, कोपरीहून नौपाड्यापर्यंत चालत येणारी मुलगी तुम्हाला आठवत असण्याचं कारण नाही. आता मी डोंबिवलीच्या एका शाळेत तुमचाच विषय शिकवते. काल अवस्थांतर आणि द्रावणं एकाच तासात उरकली, कारण पोर्शन मागे पडलाय. बर्फात थर्मामीटर ठेवला, खाली बर्नर लावला. बर्फ वितळतोय आणि पारा शून्यावर ठाण मांडून बसलेला. "टीचर, हा बिघडलाय वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. मग पेल्यात चमच्याचमच्याने मीठ टाकत गेले. सातव्या चमच्याचं मीठ तळाशी तसंच राहिलं, तशी पुढच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, "टीचर, पाण्याचं पोट भरलं!" वर्ग हसला. आणि माझ्या तोंडून अगदी तुमच्या आवाजात निघालं, "नीट बोल. संपृक्त म्हण." तिचं तोंड एवढंसं झालं. घरी आले, चहाही न टाकता हे लिहायला बसलेय.

माझे बाबा खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते, हे तुम्हाला कधी ठाऊकच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी आई डबा द्यायची आणि मी तो घेऊन बांधावरून जायचे. बाबा वाफ्यात दोन बोटं बुडवतात आणि वाऱ्यावर धरतात. बोटं नुसतीच सुकली तर काही बोलत नाहीत. बोटांवर पांढरं धरलं की मला हाक मारतात, "ये गो, बघ. पानी पिकलं. आता मीठ धरंल." आमच्याकडे मीठ तयार होत नाही, ते पिकतं. त्याआधी पाणी पिकावं लागतं. कधी पिकेल ते बाबा आदल्या दिवशी सांगायचे, आणि माझ्या आठवणीत तरी ते चुकलेले नाहीत.

म्हणून चाचणीत 'संपृक्त द्रावण म्हणजे काय?' असं आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! पुस्तकातली व्याख्या पाठ होती, तरी मी लिहिलं, 'पाणी पिकलं की त्याला संपृक्त द्रावण म्हणतात.' मला वाटलं, तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही लाल पेनने भोपळा दिलात आणि उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलंत. "मीठ म्हणजे काय भात आहे, पिकायला?" नौपाड्यातल्या डॉक्टर-वकिलांची मुलं बाकं बडवून हसली. "अडाणी लोकांचे शब्द विज्ञानात चालत नाहीत," असं तुम्ही म्हणालात. वर्ष संपेपर्यंत वर्गात माझं नाव 'पिकली' राहिलं.

त्या संध्याकाळी मी तुमचा राग बाबांवर काढला. ते हातपाय धूत होते. "बाबा, पाणी पिकत नाही. संपृक्त होतं." त्यांनी बिचाऱ्यांनी म्हणून बघितलं, "संपुरक?" दोनदा जीभ अडखळली, मग म्हणाले, "तुमच्या सालंत म्हनतात त्येच खरं." त्यानंतर मी डबा घेऊन गेले तरी त्यांनी मला बोटं दाखवली नाहीत. याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही.

बाबा शेवटी खोपट भागातल्या एका दवाखान्यात होते. सलाईनच्या बाटलीकडे बराच वेळ बघत पडलेले. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "मिठाचंच पानी ना गो ह्ये? पिकलेलं हाय का?" इतक्या वर्षांनी तो शब्द त्यांनी माझ्यासमोर काढला. "नाय बाबा, कच्चं हाय अजून," एवढं म्हणायचं होतं. मी म्हणाले, "नाही बाबा, असंपृक्त असतं ते. फार कमी मीठ असतं त्यात." त्यांनी मान हलवली, न समजलेली मुलं तास संपावा म्हणून हलवतात तशी. तीन दिवसांनी ते गेले.

ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितलीय, नवऱ्याला सांगितलीय, शिक्षकांच्या प्रशिक्षणात माईक हातात घेऊनही सांगितलीय. लोक हळहळतात, "काय एकेक शिक्षक असतात!" म्हणतात. मला ते बरं वाटतं.

पण बाई, वर एक वाक्य मी तुमच्या नावावर लिहिलंय, ते तुमचं नाही. भाताचं तुम्ही म्हणालात, ते खरं. वर्गाचं हसणं थांबल्यावर तुम्ही चष्मा काढलात आणि विचारलंत, "पण कोण म्हणतं गं असं?" आवाज चिडलेला नव्हता. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "आमच्याकडचे अडाणी लोक म्हणतात, बाई," आणि सगळ्यांच्या बरोबरीने हसले.

आत्ता तुमच्या नावावरचं ते वाक्य खोडायला लाल पेन उघडलं होतं. खोडलं नाही.