केळीवाल्या आणि बटाटेवाल्या

४ फेब्रुवारी
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.
...तर माश्यांचं राहिलंच. एकाच बाटलीतल्या फळमाश्यांचे आम्ही दोन भाग केले. एक केळ्यावर वाढवला, एक बटाट्यावर. कित्येक पिढ्या त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आता केळीवाली मादी बटाटेवाल्या नराला जवळसुद्धा येऊ देत नाही! म्हणजे एका जातीच्या दोन जाती व्हायला लागल्यात, आमच्या टेबलावर. भारी ना? सर तर हवेत आहेत. महिनाअखेर पेपर छापायला जाणार, माझ्या आणि ताईच्या, म्हणजे तुझ्या लेकीच्या नावाने.

पण एक खटकतंय. कोषातून निघालेली मादी सकाळीच वेगळी काढावी लागते. दुपारपर्यंत ती बाटलीतल्याच कुणाशी तरी जुळते, मग दुसऱ्या कुणाला दाद देत नाही. मी सकाळी वेचते, ताई दुपारी येऊन वेचते. तुझे गुडघे चोळून निघायला उशीर होतो म्हणते. बरे आहेत का आता?
लोभ आहेच, तो वाढव.
तुझी टकळी

९ फेब्रुवारी
चि. टकळीस,
अ. उ. आ.
माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? ताई रोज सातला डबा घेऊन निघते, माश्या वाट बघतात म्हणून. मग जाते कुठे? विचारलं की दार आपटते. तू उगाच पोलीस होऊ नकोस, पण लक्ष ठेव. काही निघालं तर आधी मला कळव.
जेवत जा, माया आहेच.
मावशी

१५ फेब्रुवारी
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.
ताई सकाळी मागच्या गल्लीतल्या क्लासमध्ये शिकवते. ते एक वेळ ठीक. पण केळीवाल्यांच्या आपापसातल्या जोड्यांना माझ्या सकाळच्या माद्या जातात आणि बटाटेवाल्यांबरोबरच्या परक्या जोड्यांना तिच्या दुपारच्या, आधीच जुळून गेलेल्या. ही वाटणी तिनेच पाडली, माझ्या डोक्यातच आलं नाही. काल मी गुपचूप सकाळच्या केळीवाल्या बटाटेवाल्यांत सोडल्या. तासाभरात बहुतेक सगळ्या जुळल्या. नवी जात वगैरे काही नाहीच गं.

ताईला सहज विचारलं, तर हसली. सर खूश आहेत, तू कशाला खोडा घालतेस, म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं? की माझ्याच मनात पाल चुकचुकतेय? सरांना सांगितलं तर दोघींची दोन वर्षं पाण्यात, आणि तुझ्या घरी मी कुठल्या तोंडाने येऊ? गप्प बसले तर त्या खोट्या जातीखाली माझंही नाव.

रागावलीस तरी माया तोडू नकोस. पण खरं सांग, मी सरळ सरांकडे जाऊ, की तू आधी ताईशी बोलतेस?
टकळी